फांदीला बांधलेला दोरा

४ जून

चि. खारू हिस,

अनेक आशीर्वाद. पन्नाशीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या बाईला 'चिरंजीव' म्हणणं तुला हास्यास्पद वाटेल, पण मी तुझा मामेभाऊ, तुझ्याहून चार वर्षांनी मोठा. एवढा एकच अधिकार उरलाय, तो मी सोडणार नाही. करारानुसार फोन केलेला नाही. फोनवर आपण भांडतो, आणि पत्रातून भांडायचं तर उत्तर यायला तीन दिवस लागतात, तेवढ्यात राग निवतो, हा शोध तुझाच.

पत्रास कारण की, छापखान्यात माझी जागा बदलली. मालक म्हणाले, "शास्त्रीबुवा, तुम्ही प्रुफं मोठ्यानं वाचता. जुळणीवाली पोरं हसतात." म्हणून माझी रवानगी मागच्या जिन्याशेजारच्या खोलीत झाली. एक टेबल, एक दिवा, एक खिडकी. खिडकीबाहेर शाईचे हात धुवायचं टाकं, मग भिंत, भिंतीपलीकडे एक झाड. झाडाची एक फांदी भिंत ओलांडून थेट आमच्या जिन्याच्या वळणापर्यंत आली आहे.

काल दुपारी एका पक्ष्यानं त्या टाक्यात सूर मारला. एकदा नव्हे, तीनदा. मग फांदीवर बसून अंग झाडलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की अर्धवट वाचलेलं प्रुफ मी उलटं ठेवून दिलं. माझा निष्कर्ष : बुलबुल. डोकं काळं, वर तुरा. फक्त अंगरखा विटकरी आहे आणि शेपटीखालचा लाल ठिपका गहाळ. मुद्रणदोष असावा.

तुझा जुना कॅमेरा कपाटातून काढलाय. आठ वर्षांपूर्वी "तूच ठेव" म्हणून माझ्या गळ्यात मारलास, तेव्हापासून तो तिथंच झोपला होता. तुझा बक्षीसवाला फोटो मात्र झोपलेला नाही. नव्या खोलीत पहिला खिळा त्याच्यासाठी ठोकला. चार पिल्लं, चार उघड्या चोची. येणारा-जाणारा विचारतो, मी ऐटीत सांगतो, "आमच्या आत्याच्या मुलीनं काढलाय."

असा हात असताना कॅमेरा का सोडलास, हे विचारलं की तू हवामानावर घसरतेस. आताही घसरशील. तरी विचारतो.

तुझा,
शास्त्री

८ जून

शास्त्रीबुवा,

हवामान उकाड्याचं आहे.

आता तुझ्या 'बुलबुला'कडे वळू. आमच्या क्ष-किरण खोलीत माणूस "हात मोडलाय" असं सांगतच आत येतो. मी हो म्हणते आणि फिल्म काढते. बावीस वर्षांत एवढंच शिकले, की निदान शेवटी करायचं असतं. तू पहिल्या ओळीत करून मोकळा झालास. तेव्हा एक वही घे. पक्षी दिसला की आधी वहीत लिहायचं, नंतर पुस्तक उघडायचं. पुस्तक आधी उघडलं की डोळ्यांना चित्रातलंच दिसायला लागतं.

हे बघून लिही. डोळ्याभोवती निळसर कडं आहे का? गळा राखाडी आहे का? ताठ बसतो का, आणि मधेच झेपावून हवेतल्या हवेत किडा टिपून परत येतो का? चारही उत्तरं 'हो' असतील तर तो नाही, ती आहे. स्वर्गीय नर्तकाची मादी. तिचा नर पांढराशुभ्र, डोकं काळं, आणि शेपटीच्या दोन फिती अशा लांब, की आपला माणूस "पतंग अडकला" म्हणून पुढे जाईल.

जून आहे, म्हणजे घरटं असणार. म्हणून आताच सांगून ठेवते. बघायचं ते खिडकीतून. जिन्यात ठाण मांडायचं नाही. कुणाला सांगायचं नाही, विशेषतः ज्याच्याकडे कॅमेरा आहे अशा कुणालाही. आणि घरट्यासमोरच्या पानाला हात लावायचा नाही. ते त्यांचं छप्पर आणि दार दोन्ही असतं.

तो भिंतीवरचा फोटो काढून टाक. एव्हाना रंग उडाले असतील.

खारू

१४ जून

चि. खारू,

चारही उत्तरं 'हो'. 'स्वर्गीय नर्तक' हे नाव ऐकून वाटलं होतं, एवढ्याशा पाखराला केवढी ही पदवी. परवा नर आला आणि मी शब्द मागे घेतले. खरं तर शब्दच उरले नाहीत. माझ्यासारख्याच्या बाबतीत हे किती गंभीर आहे ते तुला कळेल. तो टाक्यावरून गेला तेव्हा मागून त्या दोन फिती वाक्य संपल्यावरही रेंगाळणाऱ्या सुरासारख्या गेल्या. वहीत मी फक्त 'पांढरा. लांब.' एवढंच लिहू शकलो.

घरटं सापडलं. जिन्याच्या वळणावर जी फांदी आली आहे तिच्याच बेचक्यात, कठड्यापासून दोन हातांवर. एवढीशी वाटी, बाहेरून कोळ्याच्या जाळ्यांनी लिंपलेली. दोघं पाळीपाळीनं बसतात. नर बसला की वाटीबाहेर पांढरी शेपटी लोंबते. इतकी उघड गोष्ट, आणि खालून रोज तीस माणसं जातात, एकाचीही मान वर होत नाही.

माझं मात्र चित्त थाऱ्यावर नाही. काल औषधाच्या माहितीपत्रकात 'दिवसातून तीन गोळ्या'च्या जागी 'तीस गोळ्या' माझ्या नजरेखालून सुटलं. जुळणीवाल्या पोरीनं पकडलं. आमच्याकडे रीत आहे : चूक सापडलेलं प्रुफ फाडायचं नाही. ज्याची चूक आणि ज्यानं ती पकडली, दोघांनी कोपऱ्यात सही करायची आणि ते गठ्ठ्यात ठेवायचं. तिनं सही केली, माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाली, "काका, पेशंट वाचला." तीस वर्षांत ही माझी चौथी सही.

आता अडचण एवढीच, की वाटीसमोर नेमकी दोन पानं आडवी येतात. शेपटी दिसते, डोकं दिसत नाही. प्रस्तावना फाटलेला ग्रंथ हाती यावा तसं झालंय. वाऱ्यानं मनावर घेतलं तर बरं होईल.

फोटोचे रंग जसेच्या तसे आहेत. काढणार नाही.

शास्त्री

१७ जून

शास्त्री,

वाऱ्याला मनावर घ्यायला लावू नकोस.

मी तुला ओळखते. मजकुरात काही आडवं आलं की काट मारायची हा तुझा धंदा आहे. इथं काट मारायची नाही. डोकं दिसलं नाही तर वहीत लिही, 'डोकं दिसलं नाही.' तीही नोंदच असते.

हे पत्र पोचेपर्यंत मला चैन पडणार नाही. उलट टपाली कळव.

खारू

२२ जून

चि. खारू,

सोबत फोटो. आधी तो बघ, मग पत्र वाच.

बघितलास? वाऱ्यानं मनावर घेतलं बाई! डोकं, तुरा, निळं कडं, सगळं स्वच्छ. तुझ्या चार चोचींशेजारी हा लावायचा विचार आहे. बहीण-भावाचं संयुक्त प्रदर्शन.

तू दोनदा फोन केलास म्हणे. तूच करार मोडावास म्हणजे कमाल आहे. मी दोन्ही वेळा यंत्राच्या खोलीत होतो, तिथं काही ऐकू येत नाही.

एक छोटीशी भानगड झाली आहे. रोल धुवायला दिला तो लग्नाचे फोटो काढणाऱ्याकडे. त्यानं एक प्रत मोठी करून थेट आमच्या मालकांच्या टेबलावर नेऊन ठेवली. मालक खूश. "शास्त्रीबुवा, पुढच्या कॅलेंडरचं मुखपृष्ठ ठरलं! आमचा माणूस शिडी आणि दिवे घेऊन येईल, पिल्लांसकट काढू." मी "बघू" म्हणालो. या शब्दाचा कुठलाही अर्थ काढता येतो. मालकांनी त्यांना हवा तो काढला.

तुझी शाबासकी हवी आहे. तुझ्याकडून ती मला अजून एकदाही मिळालेली नाही, हे नमूद करून ठेवतो.

शास्त्री

२५ जून

शास्त्री,

फोटो आधी बघितला. मग दिव्याच्या काचेवर ठेवून बघितला, फिल्म बघतो तसा.

डावीकडे वर दोन देठ आहेत. टोकं पांढरी, सरळ रेषेत. वारा पान तोडतो तेव्हा देठ फाटतो. असा कापत नाही. ही कात्री आहे. उजवीकडची फांदी वाकलेली आहे, आणि ती ज्या दिशेला वाकली आहे तिकडे तिला नेणारं काहीच नाही. तिथं, अगदी कडेला, पांढरा दोरा आहे. प्रुफांचे गठ्ठे बांधायचा. तुझ्याकडून येणाऱ्या प्रत्येक पार्सलवर मी तो पाहिलाय. आणि पक्ष्याच्या पाठीवर थेट ऊन आहे. चोच उघडी आहे ना, ती गाण्यासाठी नाही. त्याला उकडतंय. तो अंड्यांवर सावली धरून बसलाय, कारण सावली तू कापलीस.

यंत्राच्या खोलीत नव्हतास तू. मालकांनीच सांगितलं, "समोरच बसलेत, पण नाही म्हणून खुणावतायत."

रागावून लिहीत नाहीये. रागवायचा मला हक्क नाही, आणि तो का नाही ते आता सांगते. तू आठ वर्षं विचारतोयस.

भिंतीवरचा फोटो. त्या चार चोची झुडपात खोल होत्या, आड फांदी येत होती. मी ती बाजूला बांधली. हिरव्या दोऱ्यानं, फोटोत दिसू नये म्हणून. तासाभरासाठीच. फोटो मिळाला, उजेड गेला, घाईत निघाले, दोरा सोडायचा राहिला. सकाळी आठवलं आणि धावत गेले. घरटं रिकामं होतं. समोरच्या तारेवर कावळा बसला होता, पोट भरल्यासारखा. महिन्याभरानं बक्षीस मिळालं. मी स्टेजवर गेले, हसले, घेतलं. घरी येऊन कॅमेरा खोक्यात भरला आणि दुसऱ्या दिवशी तुझ्याकडे पाठवला. तू तो फोटो मागून घेतलास, चौकट केलीस, आणि मला तोंड उघडता आलं नाही.

तर आता : दोघांपैकी एक उडून जाईल आणि दुसरा यायचा असेल, तेवढ्या वेळात दोरा सोड. तोडू नकोस, हिसका बसेल. हळूच सोड, फांदी हातानं तिच्या जागी जाऊ दे. दोन मिनिटांत खाली उतर. पानं परत लावता येणार नाहीत, पण फांदी जागेवर आली तर बरीच सावली येईल. शिडीवाल्याला येऊ देऊ नकोस.

तीन दिवस लागतील हे पोचायला. तू फोन घेत नाहीस म्हणून तीन दिवस.

खारू

२८ जून

खारू,

'चि.' लिहायची आज हिंमत नाही.

पत्र बारा वाजता मिळालं. बारा वाजून दहा मिनिटांनी मादी उठली. दोरा सोडला. माझ्याच हातची गाठ, पण सुटेना. शेवटी नखांनी सोडवली. फांदी जागेवर गेली. खाली उतरलो आणि टाक्याशी उभा राहिलो. ती येईना. घड्याळात बघितलं, चार मिनिटं झाली असतील असं वाटलं होतं, एक झालं होतं. कावळा भिंतीवर येऊन बसला. मी हातातला कागद त्याच्यावर भिरकावला. ते कुणाच्या तरी पुस्तकाचं शेवटचं प्रकरण होतं. एकविसाव्या मिनिटाला ती परत आली. बसली. मग मीही तिथंच टाक्याच्या काठावर बसलो.

होय, कात्री. होय, दोरा. अठरा तारखेला सकाळी, तुझं 'काट मारू नकोस' पोचायच्या दोन दिवस आधी. पण ते आधी पोचलं असतं तरी मी केलं असतं, हेही लिहून टाकतो. आठ तारखेच्या पत्रात तू सांगितलंच होतंस. मला वाटलं, दोन पानांनी काय होतंय.

शिडीवाला आज दुपारी तीनला आला. मागच्या जिन्याच्या दाराला मी कुलूप घातलंय. मालक आले.

"शास्त्रीबुवा, कुलूप का?"

"जिना धोकादायक आहे."

"कधीपासून?"

"माझ्या हातून झाला, तेव्हापासून."

"किल्ली द्या."

"हरवली."

"अहो, ती तुमच्या हातात आहे."

"हरवली आहे," मी पुन्हा म्हणालो.

तीस वर्षांत ते माझ्याकडे असे कधी बघत राहिले नव्हते. शेवटी शिडीवाल्याला म्हणाले, "फुलांचं काहीतरी बघा." आता सगळा छापखाना पुढच्या जिन्यानं वळसा घालून टाक्यावर येतो आणि मला शिव्या घालतो. घालू दे.

तुझा फोटो खाली उतरवला. चौकटीतून काढला, भिंगाखाली धरला. खालच्या डाव्या कोपऱ्यात, पानाच्या कडेला, हिरवा दोरा आहे. निसटलेला अनुस्वार हातभरावरून दिसतो मला, त्याचा मी गर्व बाळगतो. आठ वर्षं रोज बघत होतो, हा दिसला नाही. मला तो बघायचाच नव्हता बहुतेक.

तू मला सांगायला हवं होतंस. आणि मी फोन घ्यायला हवा होता. हे दोन्ही खरं आहे, एकानं दुसरं फिटत नाही.

शास्त्री

२ जुलै

शास्त्री,

तुला पत्र लिहिता येतं हे मला माहीत आहे. आता लांबण नको. अंडी किती होती, फुटली किती, एवढाच आकडा कार्डावर पाठव.

पुढचं आताच सांगते, कारण मागून सांगायला वेळ नसेल. अंड्यातून बाहेर पडल्यावर दहा-बारा दिवसांत पिल्लं घरटं सोडतात. त्यांना नीट उडता येत नसतं. एक दिवस सकाळी वाटी रिकामी दिसेल. तेव्हा वर चढू नकोस. वीस पावलं मागे जा, खाली बस आणि ऐक. पोट भरलेलं नसेल तर ती ओरडतात. आसपासच्या झाडांत बघ, घरट्यात नाही.

खारू

५ जुलै (कार्ड)

तीन. फुटली दोन. दोघं आळीपाळीनं किडे आणतात. तिसरं अंडं तसंच. ऊन लागलेलं तेच असेल की मुळातच निकामी होतं, हे मला कधी कळणार नाही. तू सांगू नकोस. शा.

१३ जुलै

चि. खारू,

काल सकाळी खिडकी उघडली आणि वाटी रिकामी होती.

तुझं पत्र खिशातच होतं, तरी मी कुलूप काढून दोन पायऱ्या चढलो. मग थांबलो, उतरलो, वीस पावलं मोजली. वीस पावलांवर कचऱ्याचा डबा आहे. त्याच्याशेजारी कागदाच्या रिमवर बसलो. जुळणीवाली पोरगी आली.

"काका, बरं नाही का वाटत?"

"ऐकतोय."

"काय?"

"अजून काही नाही."

ती माझ्याशेजारी बसली. तिनं काही विचारलं नाही म्हणून मी तिला सगळं सांगितलं. कात्री, दोरा, तिसरं अंडं. तुझं सांगितलं नाही. अर्धा तास गेला. आतून दोन हाका आल्या, तिसरी मालकांची आली. मी उठणार एवढ्यात पोरीनं माझी बाही ओढली. "काका, ते."

भिंतीच्या त्या अंगाला, खालच्या काटेरी झुडपात. विटकरी, फुगलेलं, शेपटी जेमतेम बोटाएवढी, चेहरा जगावर नाराज. चोच उघडून चिरकलं. मादी आली, काहीतरी कोंबून गेली. मग त्याच्या मागे दुसरं. दोन. मी पोरीकडून मोजून घेतलं. ती म्हणाली, "दोनच आहेत काका, पुन्हा किती वेळा मोजू?" कॅमेरा खोलीत होता. आणायला गेलो नाही. वहीत लिहिलं : 'दोन. शेपूट आखूड. चिडकी.'

एक विचारू? तू त्या सकाळी रिकामं घरटं बघितलंस. शेजारच्या झाडात बघितलं होतंस का? वीस पावलं मागे जाऊन ऐकलं होतंस का? कदाचित तुझी चारही अशीच कुठंतरी बसून चिडली असतील.

सोबत दोन्ही फोटो पाठवतोय, तुझा आणि माझा. माझ्यावर दोऱ्याभोवती लाल गोल केलाय, कोपऱ्यात माझी सही आहे. तुझ्यावरही गोल केलाय. तिथं 'पकडणारा' म्हणून मी सही केली आहे. आमच्या रीतीप्रमाणे उरलेल्या दोन सह्या तू कर आणि परत पाठव. ही सही म्हणजे माफी नाही. ती चूक पुढच्या छपाईत जात नाही, एवढाच तिचा अर्थ.

शास्त्री

२० जुलै

शास्त्रीबुवा,

नाही. शेजारच्या झाडात बघितलं नव्हतं. पण त्यानं काही बदलत नाही. ती चार दिवसांची होती. डोळे नीट उघडले नव्हते, अंगावर पिसांच्या नुसत्या नळ्या. तशी पिल्लं झुडपात जाऊन बसत नाहीत. तू मायेनं विचारलंस हे कळलं. पण फिल्मवर जे दिसतं तेच मला लिहावं लागतं.

सह्या केल्या. तुझ्यावर 'पकडणारी' म्हणून सहज झाली. माझ्यावर करायला चार दिवस लागले. फोटो टेबलावर होता, मी त्याच्याभोवती फिरत होते. कामावर एकीनं विचारलं, "कुणाची फिल्म आहे?" म्हटलं, "माझी." मग केली.

परत पाठवत नाही. स्वतः घेऊन येते, दोन्ही. तुझ्या खिळ्यावर माझा लाव, पण लाल गोलासकट. कुणी विचारलं तर ऐटीत सांगू नकोस, खरं सांग. कॅमेऱ्यावरची धूळ पुसून ठेव. मी खिडकीतूनच काढीन. पान आडवं आलं तर पानाचा काढीन.

आणि ती जुळणीवाली पोरगी. तिला एक वही घेऊन दे. तुझ्या आधी तिला दिसलं.

शाबासकी मागितली होतीस. 'चिडकी' ही नोंद चांगली आहे.

शनिवारी सकाळी उतरेन. पोचल्यावर तुझ्या छापखान्यात फोन करीन. या वेळी उचल.

खारू